एकाच लॅपटॉपवर सगळ्या सिस्टीम, पॅकेज टेस्टिंगसाठी
भाऊ, पॅकेज (इन्स्टॉल करायले बांधलेलं सॉफ्टवेअर) आपल्या उबंटूवर चाललं म्हणजे फेडोरा अन् फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालनच असं नाही, म्हणून व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा दुसरा कॉम्प्युटर) पायजेच. आधी बायोसमधे (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधे) व्हर्च्युअलायझेशन चालू करा, नाहीतर सगळं रखडत चालते. मग हरेक सिस्टीमची एक कोरी बेस इमेज (सिस्टीम टाकलेली डिस्कची फाईल) बनवा, अपडेट मारून बंद करा अन् तिले पुन्हा हात लावू नका, बेस बदलली की तिच्यावरच्या सगळ्या ओव्हरले (बेसवर रचलेल्या बदलांच्या फायली) बिघडतात. टेस्टसाठी क्यूकाऊ२ या व्हर्च्युअल डिस्कच्या फॉरमॅटची ओव्हरले फाईल काढा, तिच्यात फक्त बदल साठते, काम झालं की उडवा. ८ जीबी रॅम असन तर एका टायमाले एकच मशीन. लाईन जायच्या आधी व्हर्च्युअल मशीन तिच्या आतून शटडाऊन करा, हे लक्षात ठेवाच. मॅकओएस मात्र ॲपलच्याच मशीनवर, लायसन तसंच आहे.