सायकल आणि घरचा स्ट्रेंग्थ व्यायाम: या चुका टाळा

नियमित सायकल चालवणाऱ्यांना घरच्या व्यायामाबद्दल विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: "पायांचं काम सायकलवर होतंच, घरी फक्त पुश-अप्स आणि पोटाचे व्यायाम करतो." या विषयातल्या चुकांमध्ये मी हीच पहिल्या क्रमांकावर ठेवेन. चढावर मांड्या लवकर भरून येणं, गुडघ्याची सततची कुरकुर, महिनोन्‌महिने वेग जिथल्या तिथे राहणं, अशा कितीतरी तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

थोडा हिशोब करून बघा. मिनिटाला ८० फेरे या गतीने तासभर पेडल मारलं तर प्रत्येक पाय ४,८०० वेळा खाली जातो. जो जोर सलग ४,८०० वेळा लावता येतो, तो स्नायूच्या एकूण ताकदीचा लहानसाच हिस्सा असणार. त्याने दम वाढतो, हृदय आणि फुप्फुसं तयार होतात, पाय उशिरा थकतात. ताकद मात्र जड कामाने वाढते, म्हणजे दहा-पंधरा वेळा केल्यावर पुढचं जमेल की नाही अशी शंका यावी इतक्या जड. शिवाय पेडल दाबताना स्नायू आखूड होत काम करतात. वजन पेलत हळूहळू लांबत जाण्याचं काम, जे जिना किंवा डोंगर उतरताना करावं लागतं, ते सायकलवर जवळपास होतच नाही. म्हणून दर आठवड्याला लांबलांब सायकल चालवणारा माणूसही एखादा डोंगर उतरून आला की दोन दिवस मांड्या धरून बसतो.

हाडांचा मुद्दा तर बोललाच जात नाही. सायकलवर शरीराचा बराच भार सीट पेलते. सांध्यांना त्याने आराम मिळतो, पण हाडं मजबूत राहायला भार आणि थोडे हादरे लागतात. वर्षानुवर्षं रस्त्यावर सायकलिंग करणाऱ्या स्पर्धकांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. एक, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस दमाचा व्यायाम. आणि दुसरी, किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. पहिली भरपूर केली म्हणून दुसरी माफ होत नाही.

मग पायांसाठी घरी काय करायचं? बैठका किंवा स्क्वॉट, मागे पाऊल टाकून केलेले लंज (एक पाय पुढे, एक मागे ठेवून दोन्ही गुडघे वाकवत खाली जाणं), पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं आणि पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवणं. एवढं पुरेसं आहे. कंबर उचलण्याचा व्यायाम वगळू नका. सायकलवर मांडी कधीच मागे पूर्ण सरळ होत नाही, त्यात दिवसभर खुर्चीत बसून काम असेल तर नितंबाचे स्नायू आळसावतात आणि त्यांचं ओझं कंबर उचलते.

लंज करताना आरशासमोर उभे राहा आणि फक्त पुढच्या गुडघ्याकडे बघा. खाली जाताना तो अंगठ्याच्या बाजूला आत झुकतो का? झुकत असेल तर पेडल मारतानाही तेच होत असण्याची शक्यता बरीच. तेव्हा थोडं कमी खाली जा, भिंतीला एक हात टेकवा आणि गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून सावकाश उतरा. वजन वाढवायचा विचार ते जमल्यावर करा.

गुडघा दुखतोय? आधी सीट बघा

गुडघा दुखायला लागला की लोक मलम, पट्टा, गोळी असं सगळं करून बघतात आणि सीटची उंची मात्र सायकल घेतली त्या दिवशीची तशीच असते. ४,८०० वेळा होणारी हालचाल थोडी जरी चुकीच्या कोनात होत असली तरी सांधा कधीतरी तक्रार करणारच.

उंची तपासायला भिंतीचा आधार घेऊन, नेहमीचे बूट घालून सीटवर बसा. टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. आता नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक येईल, साधारण २५ ते ३५ अंशांचा. मग टाचा पेडलवर ठेवून उलटं पेडल मारा. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट जास्त वर गेली आहे. मोजमाप आवडणाऱ्यांसाठी टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमॉन्डच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र आहे: पायाची आतली लांबी (जांघेपासून जमिनीपर्यंत) गुणिले ०.८८३. लांबी ८० सेंटिमीटर असेल तर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटिमीटर. दोन्ही पद्धती सुरुवातीपुरत्या धरा. त्यानंतर अर्धा सेंटिमीटर वर किंवा खाली, तोही एका वेळी एकदाच, आणि दोन-तीन राइडनंतर पुढचा बदल. सीटच्या दांड्यावर कोरलेल्या मर्यादेच्या खुणेपेक्षा दांडा बाहेर काढू नका.

दुखणं कुठे आहे त्यावरून बराच अंदाज येतो. गुडघ्याच्या पुढे, वाटीभोवती दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, फार पुढे सरकवलेली आहे किंवा गिअर जड आहे. मागच्या लवणीत ओढ बसत असेल तर सीट बहुधा उंच आहे.

सीट खाली ठेवण्यामागे बऱ्याचदा एक भीती असते. थांबताना पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असं वाटतं. योग्य उंचीच्या सीटवर बसून दोन्ही तळवे टेकत नाहीतच. थांबताना सीटवरून पुढे सरकून खाली उतरायचं आणि एक पाय टेकवायचा. रिकाम्या जागेत थोडा वेळ सराव केला की हे अंगवळणी पडतं, आणि त्या सरावाने गुडघ्याचं बरंच भलं होतं.

जड गिअर म्हणजे जास्त व्यायाम, हा समज

समान वेगाला लागणारी शक्ती तेवढीच असते. पण मिनिटाला ६० फेरे मारणाऱ्याला प्रत्येक फेऱ्यात ९० फेरे मारणाऱ्याच्या दीडपट जोर लावावा लागतो, आणि तो गुडघ्यावर येतो. सपाट रस्त्यावर ८० ते ९० फेरे हे चांगलं लक्ष्य आहे. मोजायला यंत्र लागत नाही. १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. ६० च्या खाली रेंगाळत असाल तर गिअर हलका करा. चढ लागल्यावर गिअर बदलू नका, चढ सुरू होण्याआधी बदला. ऐन चढावर, पूर्ण जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन कुरकुरते, कधी उतरतेही.

हाताला मुंग्या, सीटखाली बधिरपणा

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या मुळाशी असलेल्या अल्नर नसेवर दाब येतोय. लोक जाड हातमोजे घेतात. थोडा फरक पडतोही, पण कारण अनेकदा सीटमध्ये असतं. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर शरीर पुढे घसरत राहतं आणि ते हातांना अडवावं लागतं. सीट जमिनीला समांतर करा, कोपर किंचित वाकलेले ठेवा, मनगट मागे मुडपू देऊ नका आणि हँडलवरची पकड अधूनमधून बदला.

दोन्ही पायांच्या मधल्या भागात बधिरपणा येत असेल तर ते सहन करत बसू नका. सीटचं नाक वर उचललेलं आहे का, सीट तुमच्या बैठकीच्या हाडांना अरुंद पडते का, हे बघा. खूप मऊ सीट घेणं हा उपाय वाटतो, पण त्यात हाडं रुततात आणि मधला भाग उलट वर दाबला जातो. दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पेडलवर उभं राहिलं की रक्तपुरवठा मोकळा होतो. राइड संपल्यावरही बधिरपणा जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. हे सांगायला संकोच वाटतो म्हणून अनेकजण उशीर करतात.

घरी रोज तेवढेच आणि तसेच पुश-अप्स

घरच्या व्यायामात प्रगती अडते ती उपकरणं नसल्याने क्वचितच. रोज तेच ३० पुश-अप्स, त्याच गतीने, वर्षभर केले तर शरीराला बदलायचं कारणच उरत नाही. साधा नियम धरा: सेट, म्हणजे न थांबता सलग केलेली एक फेरी, अशा ठिकाणी थांबवा जिथे अजून दोन-तीनच नीट जमले असते. १५ आरामात होऊ लागले की प्रकार कठीण करा. खाली जायला तीन सेकंद घ्या, तळाशी एक सेकंद थांबा, पाय उंचावर ठेवा. स्क्वॉट सोपे झाले तर एका पायावर जास्त भार घ्या किंवा पाठीवर भरलेली बॅग अडकवा. बॅगेत पुस्तकं भरून ती काट्यावर ठेवली की वजन नेमकं कळतं आणि दर दोन आठवड्यांनी एखादं पुस्तक वाढवता येतं.

पुश-अपमध्ये कंबर खाली लोंबते किंवा निम्म्यावरूनच वर येता? जमिनीवर अर्धवट करण्यापेक्षा भक्कम टेबलाच्या कडेवर हात ठेवा आणि छाती कडेपर्यंत पूर्ण न्या. गुडघे टेकून करण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो, कारण डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत ताठ धरण्याची सवय त्यात सुटत नाही. पुढे टेबलाऐवजी स्टूल, मग पायरी, मग जमीन.

ओढण्याचे व्यायाम जवळपास सगळेच विसरतात. सायकलवर तासन्‌तास पुढे वाकून बसायचं, घरी फक्त ढकलण्याचे व्यायाम करायचे, आणि मग मान आणि खांदे आखडतात म्हणून तक्रार. तीच पुस्तकांची बॅग घ्या, कंबरेतून पुढे वाका, पाठ सपाट ठेवा आणि कोपर नितंबाच्या दिशेने मागे ओढत बॅग वर घ्या. पुश-अपइतकेच सेट याचे झाले पाहिजेत.

जोर लावताना श्वास कोंडू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर. त्याने दाब एकदम चढतो. प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर ताठ धरून राहणं) ४० सेकंद नीट जमू लागला की वेळ वाढवत नेण्यात फारसा अर्थ नाही, कठीण प्रकाराकडे वळा. आणि क्रंचेसने, म्हणजे पाठीवर झोपून खांदे उचलण्याच्या व्यायामाने, पोटावरची चरबी जात नाही, कितीही केले तरी.

रोजच मध्यम दमछाक

दोन्ही व्यायाम सांभाळताना वेळापत्रकाचा घोळ होतो तो इथे. प्रत्येक राइड थोडी जोरात, प्रत्येक घरचा व्यायाम थोडा थकलेल्या पायांनी. हलका दिवस हलका राहत नाही आणि कठीण दिवशी पायात जोर उरत नाही. आठवड्यातल्या बहुतेक राइड अशा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल. एक, फार तर दोन राइड खऱ्या जोराच्या. पायांचा ताकदीचा व्यायाम शक्यतो त्याच जोराच्या दिवशी, काही तासांच्या अंतराने करा, म्हणजे दुसरा दिवस मोकळा सुटतो. लांब राइडच्या आदल्या दिवशी मात्र नको. नव्या व्यायामाने येणारं अंगदुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त जाणवतं आणि ते नेमकं राइडच्या दिवशी येतं.

दम आणि ताकद एकत्र केल्याने ताकद वाढायची थांबते, अशी भीती काहींना असते. तिचं मूळ १९८० मधल्या संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या प्रयोगाकडे जातं. त्यात दहा आठवडे ताकदीचा व्यायाम आठवड्यात ५ दिवस आणि दमाचा ६ दिवस करणाऱ्यांची ताकद शेवटच्या आठवड्यांत घसरू लागली होती. तुम्ही दोन दिवस ताकदीचे आणि तीन-चार दिवस सायकलचे करत असाल तर ही काळजी करू नका. एकाच वेळी दोन्ही करायचं असेल तर जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते आधी करा.

वजन हलत नसेल तर घड्याळात दिसणाऱ्या कॅलरींवर विसंबून जास्त खाल्लं जातंय का ते तपासा. ते आकडे ढोबळ अंदाज असतात. स्नायू वाढत असताना वजनकाट्यापेक्षा कंबरेचा घेर जास्त खरं सांगतो. आणि राइड विनाकारण जड वाटत असेल तर पायांना दोष देण्याआधी टायरमधली हवा बघा. टायरच्या कडेवर पीएसआयमध्ये (हवेचा दाब मोजायचं एकक) मर्यादा छापलेली असते. हवा कमी असली की टायर रस्त्याला चिकटल्यासारखं चालतं आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते.

काही लक्षणं दिसली की व्यायाम तिथेच थांबवायचा: छातीत दाब, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळाच धाप लागणं. यासाठी लगेच वैद्यकीय मदत घ्या. खूप दिवसांनी अचानक शेकडो बैठका मारल्यावर स्नायू सुजले आणि लघवी गडद तपकिरी झाली तर तेही लगेच दाखवा, कारण त्यात मूत्रपिंडाला धोका असतो. गुडघा सुजला किंवा अडकायला लागला तर सीट हलवत बसू नका, तपासून घ्या.

आजारपणाने किंवा कामामुळे दोन-तीन आठवडे खंड पडला तर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात सेट निम्मे, राइड निम्म्या वेळेच्या आणि सगळ्या बोलण्याच्या गतीच्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या किती बोलतात ते बघा आणि त्यावरून पुढचा आठवडा ठरवा.