रेडिएशनआधी तोंडाची तयारी

जिभेच्या किंवा गालाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन ठरलं की घरची सगळी धावपळ राहायची सोय, रजा आणि पैसे यांत जाते. दातांचे डॉक्टर राहून जातात. कृपा करून त्यांच्याकडे सगळ्यात आधी जा. मुळापर्यंत किडलेले, हलणारे दात रेडिएशनआधीच काढायला हवेत आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळायला हवेत. नंतर बघू म्हणून चालत नाही. रेडिएशन बसलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. तिथला दात काढला तर जखम न भरता हाड उघडं पडून कुजू शकतं. हा धोका जन्मभराचा आहे. दहा वर्षांनी गावातल्या दवाखान्यात दात काढायची वेळ आली, तरी आधी फाईल दाखवायची. लाळ आटल्यावर दात झपाट्याने किडतात, म्हणून फ्लोराईड कसं लावायचं तेही याच भेटीत विचारून घ्या.

मिश्री, तंबाखू, दारू आजपासून बंद. घरात अगदी मऊ ब्रश आणि खाण्याचा सोडा आणून ठेवा. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात लहान चमचाभर मीठ, तेवढाच सोडा. या पाण्याने दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भरायच्या, पाणी रोज ताजं करायचं. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको.

तोंड किती उघडतं ते सुरुवातीलाच मोजा. गुटखा खाणाऱ्यांचं आधीच कमी उघडतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये किती मावते ते वहीत लिहा. पुढे एखादी काडी कमी झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि दुखलं तरी सांगितल्याप्रमाणे करत राहा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं. तिखट, आंबट, कडक भाकरी बंद. तूप घातलेला मऊ वरणभात मिक्सरमधून काढून, नाचणीची पेज, अंडं असं द्या. जेवणाआधी लावायचं बधिर करणारं जेल डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुखणं सोसत बसू नका, त्यात खाणं सुटतं. वजन दर आठवड्याला करा. नाकातून नळी घालायची वेळ आली, तर घाबरू नका. ती पोटात अन्न जावं म्हणून असते आणि नंतर बहुतेकांची निघते. कवळी असेल तर तोंड आल्यावर घालायची नाही. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर बुरशी असू शकते, दाखवा. ताप आला किंवा पाणीही गिळेनासं झालं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.