बंदर ते शहर: युरोपच्या क्रूझवर पहिल्यांदा निघताना

क्रूझच्या पत्रकात 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज रोमला लागत नाही. ते चिव्हितावेकियाला लागतं आणि तिथून रोम जवळपास ८० किलोमीटर आहे. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो बंदर, तिथून शहर साधारण ९० किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, तिथून आगगाडीला दोन तासांहून जास्त लागतात. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, नुसतं पोचायलाच तीन तास. व्हेनिसमध्ये २०२१च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे पत्रकातलं 'व्हेनिस' प्रत्यक्षात राव्हेन्ना किंवा त्रिएस्तही असू शकतं. पैसे भरण्याआधी प्रत्येक शहराच्या नावाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं बंदराचं नाव वाचा आणि नकाशावर अंतर बघा. तुमचा दिवस कसा जाणार हे त्या अंतरावर ठरतं. जहाजात किती पोहण्याचे तलाव आहेत, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी मध्य रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो. आम्ही नवरा-बायको भूमध्य समुद्रात क्रूझने फिरलो ते बहुतेक ठिकाणी जहाज कंपनी विकते ती सहल न घेता, लोकल गाड्यांनी. तेव्हापासून सोसायटीतलं, नात्यातलं कोणी क्रूझला निघालं की आधी आमच्याकडे येतं. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

दिवस उलटा मोजायचा

सकाळी जहाज लागलं की सगळे 'काय काय बघायचं' इथून सुरुवात करतात. सुरुवात परतीपासून करायची. रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं, त्यात 'ऑल अबोर्ड'ची वेळ छापलेली असते. जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची ही वेळ असते आणि ती पक्की असते.

चिव्हितावेकियाचं गणित मांडून दाखवतो. समजा ऑल अबोर्ड संध्याकाळी साडेसहाला आहे. बंदरावर सव्वापाचला पोचायचं ठरवा. बंदराच्या आत शटल बसला रांग असते आणि स्टेशन ते शटल पायी पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे चिव्हितावेकिया स्टेशनवर साडेचारला उतरायला हवं. रोमच्या सान पिएत्रो स्टेशनवरून गाडीला तासाच्या आसपास लागतो, म्हणजे साडेतीनच्या सुमाराची गाडी. ती चुकली किंवा रद्द झाली, तरी पुढच्या गाडीने जहाज मिळालं पाहिजे. माझा नियम एवढाच: जी गाडी पकडायची, तिच्यामागे जहाज गाठून देणाऱ्या आणखी दोन गाड्या हव्यात. नसतील तर तासभर आधी निघायचं.

आता पुढून मोजा. जहाज सातला लागलं तरी उतरून, शटलने बंदराबाहेर येऊन, गाडी पकडून रोमला पाऊल ठेवेपर्यंत साडेनऊ-दहा होतात. म्हणजे हातात पाच तास. पाच तासांत रोम होत नाही, रोमचा एक तुकडा होतो. व्हॅटिकन घ्या किंवा कोलोसियम घ्या. दोन्ही, शिवाय ट्रेव्ही कारंजं, शिवाय खरेदी असा बेत केलात तर दिवसभर घड्याळाकडेच बघत बसाल.

जहाजाने विकलेली सहल घेतली तर परतायला उशीर झाला तरी जबाबदारी जहाजाची असते. स्वतःहून गेलात तर जहाज थांबत नाही. म्हणून लांबच्या बंदराला, पायाने अधू किंवा फार वयस्कर कोणी सोबत असेल तर, बिनदिक्कत जहाजाची सहल घ्या. नेपल्स, बार्सिलोना, पिरिअस (अथेन्सचं बंदर) अशा ठिकाणी शहर जवळ आहे, तिथे ते पैसे घालवू नका.

घड्याळ जहाजाचं

इटलीहून ग्रीसला गेलात की स्थानिक वेळ एक तासाने पुढे जाते. जहाज घड्याळ बदलेल किंवा बदलणारही नाही, ते कप्तान ठरवतो. मोबाईल मात्र कोणाला न विचारता आपली वेळ बदलून टाकतो. मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ बांधा, ते जहाजाच्या वेळेवर लावा आणि उतरताना गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या जिन्यापाशी, लिहिलेल्या वेळेशी एकदा ताडून बघा. समुद्रावर असताना मोबाईल फ्लाइट मोडवरच हवा. जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, फोन ते आपसूक पकडतो आणि त्याचं बिल डोळे पांढरे करणारं येतं.

इटलीच्या गाड्या

चिव्हितावेकियाला जहाजापासून शटल लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर सोडतं. तिथून स्टेशनला लोकल बस आहे, चालतही जाता येतं, रस्ता सपाट आणि समुद्राकडेचा आहे. स्टेशनवर 'बिर्ग' नावाचं दिवसभराचं तिकीट मागा. त्यात जाणं-येणं आणि रोममधली मेट्रो-बस येते. कागदी तिकिटावर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा असतो. तिकीट खाचेत सरकवलं की खर्र आवाज होतो आणि कडेला तारीख-वेळ उमटते. ती उमटलेली आहे का ते डोळ्यांनी बघा, कधी शाई संपलेली असते, मग दुसऱ्या यंत्राकडे जा. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तिथला तपासनीस पर्यटक म्हणून सोडत नाही. मोबाईलवर काढलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण त्यावर चेक-इन करावं लागतं.

फलकावर 'पार्तेन्झे' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'बिनारिओ' म्हणजे फलाट, आणि 'रितार्दो'च्या रकान्यात गाडी किती मिनिटं उशिरा आहे ते येतं. व्हॅटिकन बघायचं असेल तर तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत जाऊच नका. सान पिएत्रोला उतरा, तिथून संत पीटरचं चर्च दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. तेर्मिनीहून परतणार असाल तर चिव्हितावेकियाचे फलाट मुख्य दालनापासून फार लांब, अगदी टोकाला असतात. त्या चालण्याला दहा मिनिटं धरा, सोबत आजी-आजोबा असतील तर पंधरा.

इटलीत गाड्यांचे संप जाहीर करून होतात. जायच्या आदल्या आठवड्यात संपाची तारीख तपासा. संप असेल तर त्या दिवशी जहाजाची सहल घ्या किंवा बंदराच्या गावातच फिरा.

नेपल्सला जहाज शहराच्या पोटातच लागतं. समोरच मुनिचिपिओ मेट्रो स्टेशन आहे, पोंपेईचे प्राचीन अवशेष बघायचे तर तिथून गारिबाल्दी स्टेशनला जायचं आणि खाली चिर्कुमव्हेसुव्हियाना ही छोटी लाइन पकडायची. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पोंपेई नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत. तुम्हाला हवं आहे 'पोंपेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी', आणि ते सोर्रेंतोकडे जाणाऱ्या गाडीवर आहे. पाटीवर सोर्रेंतो दिसल्याशिवाय चढू नका. चाळीसेक मिनिटांत उतरलात की अवशेषांचं दार समोरच आहे. २०२४च्या नोव्हेंबरपासून तिथे दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून तिकीट आधी काढा आणि ओळखपत्र सोबत ठेवा. आत सावली जवळजवळ नाही. टोपी आणि पाणी विसरलात तर दुपारी हाल होतात.

मला पोंपेईत सगळ्यात जास्त वेळ थांबवलं ते रस्त्यांनी. फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत, आणि रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड बसवले आहेत. पायी माणसाचे पाय ओले होऊ नयेत आणि गाडीची चाकंही मधून निघावीत, एवढं अंतर राखून ते ठेवलेले आहेत. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव हे. गाईड पुढे निघून गेला तरी चालेल, तिथे थांबून बघा.

वार बघा

फ्लॉरेन्सचं उफ्फिझी कलासंग्रहालय आणि डेव्हिडचा पुतळा असलेलं अकादेमिया सोमवारी बंद असतात. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. बुधवारी सकाळी व्हॅटिकनच्या चौकात पोपचं जाहीर दर्शन असलं की संत पीटरचं चर्च दुपारपर्यंत उघडत नाही. तुमचं जहाज बुधवारी चिव्हितावेकियाला असेल तर कोलोसियमच करा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस, फुलपँट काहीही चालतं, बर्म्युडा चालत नाही.

लिव्होर्नोचं बंदर मालवाहतुकीचं आहे, आतून पायी चालायला मनाई. शटलने गावात, तिथून बसने स्टेशन, मग फ्लॉरेन्सला दीड तास. एवढी यातायात नको असेल तर पिसा पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ज्येष्ठांना मी पिसाच सुचवतो, आणि उरलेला वेळ लिव्होर्नोच्या कालव्यांकाठी.

छोट्या होडीने उतरायची बंदरं

ग्रीसमधलं सांतोरिनी, फ्रान्समधलं व्हिलफ्रांश अशा ठिकाणी जहाज समुद्रातच नांगर टाकतं आणि टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात. आदल्या दिवशीच टेंडरचे नंबर कुठे आणि कधी मिळणार ते विचारा. बोट हलत असते, खलाशी दंड धरून उतरवतात. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पाठीवरची सॅक न्या, हातात पिशवी नको.

सांतोरिनीला धक्का खाली आणि 'फिरा' नावाचं गाव कड्यावर. वर जायला केबल कार, गाढवं, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. पायऱ्या गुळगुळीत झालेल्या आहेत आणि त्यावर लीद पडलेली असते, त्यामुळे उतरताना पाय सटकतो. उन्हाळ्यात तीन-चार जहाजं एकदम आली तर परतीच्या केबल कारची रांग दीड तासावर जाऊ शकते. इथेही तोच हिशोब: शेवटची टेंडर कितीला, त्याआधी दोन तास रांगेत. गाढवावर बसू नका. भर उन्हात माणसं वाहून ती जनावरं थकलेली असतात, आमच्याने ते बघवलं नाही.

पिरिअसहून अथेन्स सोपं आहे. हिरव्या लाइनची मेट्रो थेट शहराच्या मध्यातल्या मोनास्तिराकीला सोडते. अक्रोपोलिसचं तिकीट वेळ ठरवून मिळतं, शक्यतो सकाळचं पहिलं घ्या.

कागदपत्रं, खाणं, खिसा

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे पुन्हा पुन्हा आत येता येईल असा, मागा. जहाज मध्येच माँटेनेग्रोच्या कोतोरला किंवा तुर्कस्तानच्या कुशादासीला गेलं की तुम्ही शेंगेनबाहेर पडता, आणि परत आत यायला दुसरी एंट्री लागते. क्रोएशिया २०२३च्या जानेवारीपासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोव्हनिकची चिंता नाही. साउथॅम्प्टनहून निघणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. शेंगेनबाहेरच्या प्रत्येक बंदराचा नियम क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. शेंगेन व्हिसासाठी प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या गर्दीत लवकर केलेला बरा.

काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची झेरॉक्स खिशात हवी, आणि त्या कागदाच्या मागे रोजच्या पत्रकातला पोर्ट एजंटचा, म्हणजे त्या बंदरातल्या जहाज कंपनीच्या प्रतिनिधीचा, फोन नंबर लिहून ठेवा. जहाज चुकलं तर पुढची सोय त्याच्यामार्फत होते.

पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणायला मनाई आहे. सीलबंद चिवडा, चिक्की, खाकरा न्या. चहासाठी इलेक्ट्रिक किटली आणि कपड्यांची इस्त्री घरी ठेवा, आगीच्या भीतीने बहुतेक जहाजं ती सामान तपासताना काढून घेतात. गरम पाणी बुफेत दिवसभर मिळतं. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंग करतानाच कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंगच्या मुख्य माणसाला प्रत्यक्ष भेटून पुन्हा सांगा. एकदा तोंडओळख झाली की तो रोज विचारून करून देतो.

बार्सिलोनाच्या रांब्ला रस्त्यावर आणि नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनवर पाकीटमारांपासून जपा. मागच्या खिशात काही नको, बायकांनी पर्स पोटाशी. कार्डाच्या यंत्राने 'रुपयात की युरोत' विचारलं तर युरोच निवडा, रुपयात दर वाईट लावतात. स्वच्छतागृहासाठी एक युरोची नाणी वेगळी ठेवा. रोममध्ये पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचं आणि फुकट आहे. बाटली भरून घ्या.

जहाज ज्या गावाहून सुटतं तिथे विमानाने एक दिवस आधी पोचा. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट सकाळी बंदरावर मिळतात. त्याआधी सकाळचे कपडे, चपला, औषधं, चार्जर आणि पासपोर्ट पाठीवरच्या सॅकमध्ये काढून घ्या, आणि परतीचं विमान दुपारनंतरचं असू द्या.