भिंतीवर आपलं कोल्हापूर कसं काढायचं

ग्रुपनं भिंत रंगवायची म्हटलं की सगळे रंकाळा आणि अंबाबाईचं देऊळ काढून मोकळे होतात, तसं नको. आधी बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, बघून या, शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मग १९०६ ला मुस्लिम अशी वेगवेगळ्या समाजांच्या पोरांसाठी सुरू केलेली, तिथल्या लोकांनाच विचारा तुमचं काय काढू, आपल्या मनानं नुसत्या टोप्या-टिळे काढले तर लय चीप दिसतं. मग भिंत घासून प्राइमर (रंगाआधीचा हात) मारायचा, वाळला की कागदावरच्या चित्रावर एक इंचाचे चौकोन, भिंतीवर एक फुटाचे, एकेक चौकोन बघत खडूनं उतरवायचं. रंग एक्स्टिरियर इमल्शनच (बाहेरच्या भिंतींचा) घ्या. पावसाळ्यात हात लावू नका, इथला पाऊस माहितीय की! चेहरे फक्त हात चांगला असलेल्यालाच द्या, भांडणं तिथंच होतात.