पाळीव प्राणी दुसऱ्याच्या जनावराने मारल्यास भरपाई कशी मागावी

जिवापाड सांभाळलेला प्राणी नुकताच गेलेला असताना पुराव्याचा विचार करणे निष्ठुर वाटते. तरीही मागणीचे बळ बहुधा पहिल्या एकदोन दिवसांतच ठरत असल्याने, स्वतःला जमत नसेल तर हे काम घरच्या एखाद्या खंबीर माणसावर सोपवावे.

मृतदेह घाईने पुरू नये. कुत्र्याच्या चाव्याची वरून बारीक दिसणारी जखम आत अनेकदा फार खोल असते, स्नायू चिरडलेले आणि बरगड्या मोडलेल्या असतात, त्यामुळे मृत्यू चाव्यानेच झाला हे दाखवण्यासाठी पशुवैद्याचा शवविच्छेदन अहवाल मोलाचा ठरतो. तोपर्यंत देह थंड ठेवावा, पण गोठवू नये, कारण गोठवल्याने ऊती बिघडतात. जखमांची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून काढावीत. सोडवताना माणसालाही चावा बसला असेल, तर भरपाईचे सारे बाजूला ठेवून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीजबाबत दिरंगाई जिवावर बेतते.

सीसीटीव्हीचे चित्रण काही काळाने आपोआप पुसले जाते, म्हणून ते त्याच दिवशी मागून घ्यावे. साक्षीदारांचे म्हणणे तारीख-वेळेसह लिहून त्यावर सही घ्यावी, आणि पोलीस किंवा स्थानिक प्रशासनाकडे तक्रार देऊन तिची पोच जपून ठेवावी.

कायदा देशागणिक बदलतो. काही ठिकाणी मालकाची चूक सिद्ध न करताही तो जबाबदार धरला जातो. इतरत्र मात्र जनावर आक्रमक असल्याचे त्याला आधी ठाऊक होते का आणि ते आवरण्यात त्याने हयगय केली का, हे पाहिले जाते. म्हणून त्याच जनावराविरुद्धच्या जुन्या तक्रारी शोधाव्यात. आपला प्राणी मोकळा सुटलेला असेल तर ते लपवू नये. समोरचा ते मांडणारच, आणि लपवलेली गोष्ट उघड झाली की बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

रक्कम ठरवताना अनेक कायदे प्राण्याला मालमत्ताच मानतात, हे मनाला लागते. जर्मनीने १९९० मध्ये प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत असे नागरी संहितेत नमूद केले, आणि जखमी प्राण्याच्या उपचारांचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा बराच जास्त आहे एवढ्यावरून तो अवाजवी ठरत नाही, हेही मान्य केले. सर्वत्र तशी तरतूद नाही. म्हणून मागणी उपचार, शवविच्छेदन, अंत्यसंस्कार, प्राण्याची किंमत आणि प्रशिक्षण अशा पावत्यांनी सिद्ध होणाऱ्या खर्चावर उभी करावी. मानसिक त्रासाची भरपाई वेगळी मागावी, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये.

मग मालकाला घटना, रक्कम आणि उत्तराची मुदत नमूद करून लेखी नोटीस पाठवावी. त्याच्या घराच्या विम्यात अशी जबाबदारी कधी कधी समाविष्ट असते, तेव्हा विमा कंपनीला कळवण्यास त्याला सुचवावे. उत्तर न आल्यास लहान रकमांच्या दाव्यांसाठी असलेल्या न्यायालयाची सोय आहे का हे पाहावे आणि दाव्याची कायदेशीर मुदत वकिलाकडून आधीच विचारून घ्यावी. तडजोड झालीच, तर पूर्ण रक्कम हाती येण्यापूर्वी ‘आता काही देणे उरले नाही’ अशा मजकुरावर सही करू नये.