घोड्याच्या खुराला मातीचा लेप
बेंटोनाइट किंवा केओलिनसारखी बारीक, स्वच्छ माती घ्यावी आणि थोडे थोडे पाणी घालून ती घट्ट दह्याइतकी दाट कालवावी. पाय उचलून खुराच्या तळाचा त्रिकोणी, मऊ भाग व त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आकड्याने टाचेकडून पुढे साफ कराव्यात, कारण शेण आणि खडे तिथेच दडतात. तिथे काळा, दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर नुसत्या लेपावर विसंबू नये. खूर पुसून तळावर सुमारे १ सेंटिमीटर जाड थर द्यावा आणि ओला कागद दाबून पट्टी बांधावी, मात्र ती खुरावरच्या केसाळ कडेला आवळू नये. साधारण १२ तासांनी लेप काढावा. सतत ओला राहिलेला खूर मऊ पडतो. घोडा लंगडत असेल, खूर गरम लागत असेल किंवा खिळा रुतला असेल, तर तो न उपटता पशुवैद्यांना तातडीने बोलवावे.