बास्केटबॉलच्या शालेय स्पर्धेचा इतिहास लिहायला घेताना

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी सत्तावीस वर्षं पीटी शिकवली. रिटायर झाल्यावर जिल्ह्याच्या मुलांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा इतिहास लिहायला बसलो, त्याला तीन पावसाळे लागले. आता शेजारच्या तालुक्यांतले तरुण शिक्षक फोन करतात, "सर, आमचा कसा लिहायचा?" हे त्यांच्यासाठी.

सुरुवात विजेत्यांना मिळणाऱ्या ढालीपासून करा. ती बहुतेक ऑफिसातल्या कपाटावर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे असते. चिंचेनं घासू नका. अक्षरांत भरलेला काळा रंग निघून जातो. ओल्या फडक्यानं धूळ पुसा, अंधाऱ्या खोलीत बाजूनं टॉर्च धरा आणि विजेत्याचं नाव कोरलेल्या प्रत्येक पत्रीचा वेगळा फोटो घ्या. मग स्क्रूची रिकामी भोकं मोजा. आमच्या ढालीवर अकरा पत्र्या होत्या आणि भोकं चौदा पत्र्यांची. म्हणजे तीन विजेते गळून पडलेले. ती तीन नावं शोधण्यातच माझं पहिलं वर्ष गेलं आणि त्याच शोधात बाकीचा इतिहास हाती लागला. आमच्याकडे सलग तीन वर्षं जिंकणाऱ्या शाळेला ढाल कायमची देण्याची रीत होती. त्यामुळे आधीची ढाल दुसऱ्याच गावात सापडू शकते. जवळपासच्या जुन्या शाळांमध्ये स्वतः जाऊन बघा. फोनवर विचारलं तर "आमच्याकडे काही नाही" एवढंच उत्तर मिळतं.

ढाल जुनी असेल तर त्यावरचं राज्य कोणतं ते आधी ठरवा. विदर्भात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एका ढालीवर मला "म. प्र." अशी अक्षरं दिसली. बरोबरचा शिक्षक म्हणाला, पोरं तिकडे भोपाळला खेळायला गेली असतील. तसं नव्हतं. 1950 पर्यंत आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो आणि राजधानी नागपूर होती. 26 जानेवारी 1950 पासून त्याचं मध्यप्रदेश झालं, राजधानी तीच. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. म्हणजे "म. प्र." हे मध्यप्रांतही असेल, मध्यप्रदेशही. आणि एखादा म्हातारा खेळाडू "मी राज्याला खेळलो" म्हणाला तर कोणत्या साली, हे कळल्याशिवाय पुढे लिहू नका. 1955 चं राज्य आणि 1961 चं राज्य वेगळं होतं, त्यातले प्रतिस्पर्धी वेगळे, प्रवास वेगळा.

जिल्ह्यांचंही तेच. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून. 1981 मध्ये अमरावती विभाग नागपुरापासून वेगळा झाला. गोंदियाच्या एखाद्या शाळेनं 1990 मध्ये जिल्हा जिंकला असेल तर तो भंडारा जिल्हा होता. तसंच लिहा आणि खाली टीप द्या.

खेळाच्या जन्माची कथा मात्र एका परिच्छेदात आटपा. 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नाइस्मिथ या शिक्षकानं पीचच्या टोपल्या टांगल्या आणि 13 नियम लिहिले, एवढं पुरे. मी पाहिलेल्या दोन हस्तलिखितांत यावरच दहा पानं होती आणि गावच्या पोरांवर दीड. फक्त 1936 चं बर्लिन सोडू नका. ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलसाठी पहिल्यांदा पदकं दिली गेली ती तिथे. अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसात, चिखलात झाला आणि अमेरिकेनं कॅनडाला 19-8 असं हरवलं. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं कबड्डी आणि आपले देशी व्यायाम करून दाखवले होते. मुरूम टाकून, रोलर फिरवून केलेल्या मैदानावर श्रावणात पोरं घसरायची, चेंडू टप्पा घ्यायचा नाही, तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगायचो. ऑलिम्पिकची फायनलसुद्धा अशीच झाली, बाबांनो.

आता कागद. स्पर्धेची फाइल सापडेलच असं नाही. मी ज्या एका शाळेत गेलो तिथे इमारत बदलताना तीस वर्षांच्या सामन्यांच्या गुणपत्रिका रद्दीत गेल्या होत्या. त्या दुपारी मी व्हरांड्यात बराच वेळ नुसता बसून होतो. पण शाळेत एक वही कधी टाकत नाहीत, ती म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर. चेंडू कधी आला, जाळी कधी बदलली, करंडक कोणत्या तारखेला जमा झाला, सगळं त्यात असतं. करंडक जमा झाल्याची तारीख सापडली की स्पर्धेचा महिना कळतो. त्यानंतर किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, बघा. विद्यार्थ्यांचं एसटी भाडं, अल्पोपहार, टीमला घेतलेल्या बनियन. वर्ध्याला गेले की नागपूरला, हे भाड्याच्या रकमेवरून समजतं. मुलं कोणत्या साली कोणत्या वर्गात होती, हे दाखल-खारीज रजिस्टरवरून ठरवा. त्यातला जातीचा रकाना आणि घरचा पत्ता उतरवून घेऊ नका. आपल्याला त्याचं काम नाही.

जुन्या फोटोत मिशा फुटलेली पोरं दिसली की लोक लगेच म्हणतात, बाहेरचे खेळवले. थोडं थांबा. दहावीची पहिली शालान्त परीक्षा मार्च 1975 मध्ये झाली. त्याआधी मॅट्रिक अकरावीला होतं, हायस्कूलचा मुलगा एक वर्षानं मोठा असायचा. कोणाच्या नावाला बट्टा लावण्याआधी रजिस्टर उघडा.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात निकालपत्रकं मागा. तोंडी मागून मिळाली नाहीत तर माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि उत्तराला 30 दिवस. "सगळी माहिती द्या" असं लिहिलं की काहीच मिळत नाही. वर्ष, वयोगट आणि फेरी लिहून मागा. शिवाय तालुक्याच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली असतात. बातमी सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी नसते, पुढचा आठवडा चाळा. खेळाडूंची नावं छापताना हमखास चुकलेली असतात, म्हणून रजिस्टरशी ताडून घ्या.

गुणपत्रिका मिळालीच तर ती वाचता आली पाहिजे. आकड्याजवळ तिरकी रेघ म्हणजे मैदानी गोल, म्हणजे चालू खेळात केलेली बास्केट; भरीव ठिपका म्हणजे फ्री थ्रो, फाउलनंतर मिळणारी एका गुणाची मोकळी फेक; खेळाडूच्या नंबराभोवती वर्तुळ म्हणजे तीन गुणांची बास्केट. तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत 1984 मध्ये आली आणि आमच्या मैदानावर चुन्याची ती कमान आखायला त्यानंतरही काही वर्षं लागली. पूर्वी 20 मिनिटांचे दोन भाग असत. 10 मिनिटांचे चार भाग 2000 पासून झाले. त्याच वर्षी चेंडू ताब्यात आल्यावर बास्केटकडे फेकण्याची मुदत 30 सेकंदांवरून 24 वर आली. म्हणून 1970 च्या आसपासचा 28-24 असा सामना आजच्या 70-62 शेजारी ठेवून "तेव्हा खेळच येत नव्हता" असं लिहू नका. जुन्या फोटोत बनियनवर 4 ते 15 नंबरच का असतात, हेही वाचणाऱ्याला सांगा. 1, 2, 3 हे आकडे पंच बोटांनी दाखवतो ते गुणांसाठी, त्यांची गल्लत होऊ नये म्हणून.

माणसांकडे जाताना "कोणतं साल?" हा प्रश्न कधी विचारू नका. उत्तर चुकतंच. कापसाला भाव काय होता, घरी बैलजोडी कोणती होती, पावसानं काय केलं, हे विचारा. एका खेळाडूनं मला सांगितलं, "सर, त्या वर्षी मोवाडचा पूर आला होता. आमच्यातले अर्धे पोट्टे खेळाले गेलेच नाई, मामाच्या घरी मदतीले गेले." नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचा पूर 30 जुलै 1991 चा. तालुक्याचे सामने ऑगस्टात व्हायचे. साल मिळालं, आणि आमचा संघ त्या वर्षी पहिल्याच फेरीत का हरला तेही मिळालं. ढालीवर यातलं काहीच नव्हतं. 1972 चा दुष्काळ, 1984 मध्ये इंदिरा गांधी गेल्या तो दिवस, 1993 चा किल्लारीचा भूकंप, हे असे खुंटे मनात ठेवा आणि आठवणी त्यांना बांधा.

आधी एकेकट्याला भेटा, नंतर सगळ्यांना एकत्र बसवा. उलटं केलं तर जो मोठ्यानं बोलतो त्याचीच आठवण सगळ्यांची होते. कॅप्टनकडे शेवटी जा. बदली खेळाडू बाकावर बसून पूर्ण सामना बघतो, त्याला जास्त आठवतं. हरलेल्या शाळेच्या मुलांनाही शोधा. मी हे उशिरा केलं, तुम्ही करू नका.

लिहिताना दर वर्षाला एक पान ठेवा: फेरी, प्रतिस्पर्धी, गुण, मैदान, पुरावा. नुसत्या आठवणीवरचं पेन्सिलनं लिहा, एका कागदाचा आधार असेल तर निळ्या शाईनं, दोन कागद जुळले तर काळ्या. डावं पान कोरं सोडा. अशा चार प्रती करा. एक शाळेत, एक वाचनालयात, एक क्रीडा कार्यालयात, एक स्वतःकडे.

शाळेतली प्रत मी ऑफिसात दोरीनं बांधून ठेवली होती. सहा महिन्यांनी उघडली तर एका डाव्या पानावर कोणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं: "उपांत्य फेरी, 31-30. शेवटचा फ्री थ्रो माझा. नंबर 15." खाली सही नव्हती. मी वाचनालयात जाऊन त्या महिन्याची फाइल काढली. चार ओळींची बातमी होती, 31-30. तो आकडा आता निळ्या शाईत आहे, आणि 15 नंबरचा माणूस कोण ते मी अजून शोधतो आहे.